'इंटरनेट गव्हर्नन्स'ला मराठीत काय म्हणावे : शासन, नियमन की कारभार?

प्रश्न : 'इंटरनेट गव्हर्नन्स' या संज्ञेसाठी मराठीत 'इंटरनेट शासन', 'इंटरनेट प्रशासन' आणि 'इंटरनेट नियमन' असे तीन पर्याय वाचनात येतात. यांपैकी कोणता अचूक मानावा?

उत्तर : माझ्या मते तिन्ही अपुरे आहेत आणि 'शासन' तर दिशाभूल करणारा आहे. मराठीत शासन म्हणजे सरकार; 'शासन निर्णय' हा शब्दप्रयोग ऐकताच मंत्रालय डोळ्यांसमोर येते. शिवाय 'शासन करणे' याचा शिक्षा करणे असाही अर्थ होतो. मूळ संज्ञेचा रोख मात्र वेगळा आहे. माहिती समाजविषयक जागतिक शिखर परिषदेने २००५ मध्ये ट्युनिस येथे जी कामचलाऊ व्याख्या स्वीकारली, तिच्यानुसार सरकारे, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज (सरकार व कंपन्यांबाहेरचे नागरिक आणि त्यांच्या संस्था) यांनी आपापल्या भूमिकेत राहून इंटरनेटच्या वाटचालीला आणि वापराला आकार देणारी सामायिक तत्त्वे, नियम व निर्णयपद्धती घडवणे आणि अमलात आणणे, याला हे नाव आहे. 'नियमन' या शब्दात यातील एकच अंग येते, तर 'प्रशासन' ऐकल्यावर कचेरी आठवते. स्पॅनिशमध्ये सरकारसाठी 'गोबिएर्नो' आणि या संकल्पनेसाठी 'गोबेर्नान्सा' असे दोन शब्द वेगळे ठेवले जातात. आपण मात्र दोन्हींसाठी 'शासन' वापरून तो भेदच पुसून टाकतो.

मी 'इंटरनेटचा कारभार' असे लिहितो. घराचा, संस्थेचा, गावाचा कारभार असतो आणि तो पाहणारा सरकारच असावा अशी अट त्या शब्दात नाही. 'बारभाईंचा कारभार' हा प्रयोग आज गोंधळ सुचवण्यासाठी होत असला, तरी अनेकांनी मिळून चालवलेली व्यवस्था ही कल्पना त्यात आहेच.

हा वाद केवळ कोशकारांचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा आहेत : अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. याच विषयावरील चर्चेसाठी २००६ पासून दरवर्षी भरणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या इंटरनेट गव्हर्नन्स फोरमच्या मुख्य सत्रांना या भाषांतील दुभाष्यांची सोय असते. पण कार्यशाळा, मसुद्यांवरील खल आणि बैठकीबाहेरची बोलणी बहुतांशी इंग्रजीतच होतात, आणि मसुदा ज्या भाषेत प्रथम लिहिला जातो त्या भाषेच्या छटा त्यात आधीच बसलेल्या असतात. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेली मराठी त्या सहांत नाही, म्हणून आपल्याकडे हा विषय वृत्तपत्रांच्या भाषांतरातूनच पोहोचतो. तेथे 'इंटरनेट शासन' वाचणारा शिक्षक किंवा ग्रंथपाल 'हे सरकारचे काम' असे समजून बाजूला होतो, हे मला फार खटकते, कारण व्याख्येनुसार त्यालाही तेथे स्थान आहे.

प्रतिप्रश्न : 'कारभार' पटतो. मग सरकारे, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज अशा सर्वांना सामावणाऱ्या पद्धतीला जे 'मल्टिस्टेकहोल्डर' म्हणतात, त्यासाठी 'बहुभागधारक' चालेल का?

उत्तर : चालणार नाही. भागधारक म्हणजे कंपनीचे भाग विकत घेतलेला माणूस, आणि त्याच्या मताचे वजन त्याच्याकडील भागांवर ठरते. येथे तशी मालकी कोणाचीच नाही. 'हितसंबंधी' हा शब्द अर्थाने जवळचा आहे, परंतु 'हितसंबंध गुंतलेले आहेत' असे आपण संशयाने म्हणतो, त्यामुळे तोही डागाळलेला आहे. 'सर्व संबंधित घटकांचा सहभाग' हे लांबट असले तरी अर्थाशी प्रामाणिक आहे.

याहून अवघड शब्द 'कन्सेन्सस' हा आहे. इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स (आयईटीएफ) या संघटनेमध्ये 'रफ कन्सेन्सस'ने निर्णय होतात. तेथे मते मोजून निकाल लावत नाहीत. अनेकदा उपस्थितांना गुणगुणून कल दाखवायला सांगतात. मांडलेल्या आक्षेपांचा खरोखर विचार झाला की नाही, हे पाहणे महत्त्वाचे मानले जाते. मग प्रत्येकाचे समाधान झाले नाही तरी चालते. याचे भाषांतर 'एकमत' असे केले, तर आक्षेप नव्हतेच असे वाचकाला वाटेल. म्हणून मी 'ढोबळ सहमती' असे लिहितो आणि पहिल्या उल्लेखापाशी एका वाक्यात सांगतो की विरोध नोंदवला गेला होता आणि त्यावर चर्चाही झाली होती.