रजिस्टरवरची सही: ग्रामसभा, प्रभाग, मतदान. तुमचे अनुभव लिहा

मे महिन्यात गावी गेले होते. दुपारी चारच्या सुमारास ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन ओट्यावर आला. १ मेच्या ग्रामसभेची सही हवी होती. सभा झालीच नव्हती. आईने पदराला हात पुसले, चहाचं आधण ठेवता ठेवता सही केली आणि म्हणाली, "अगं, असंच चालतं. भाऊ बघतात सगळं." भाऊ म्हणजे आमचे गावपुढारी. मी पान पाहिलं. विषय क्रमांक चारपुढे 'सर्वानुमते मंजूर' आधीच लिहिलेलं. त्या विषयात आमच्याच आळीच्या गटाराचा निधी दुसरीकडे वळवला होता.

आई जुनी मॅट्रिक आहे, घरचा हिशेब पै-पैचा ठेवते. गावाच्या पैशावर मात्र न वाचता सही करते. हे मला फार लागलं. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेल, पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आपण तो इशारा दिल्लीच्या नेत्यांपुरता वाचतो. मला तो आमच्या भाऊंनाही लागू वाटतो, आणि त्यांच्यावर सगळं टाकून मोकळं होणाऱ्या आम्हालाही. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी ते पुरतं. तेवढी माणसं आमच्याकडे बारशाला जमतात.

तुम्ही कधी सभेत उठून बोललात, अर्ज केला, सह्या गोळा केल्या, तर लिहा. खमक्या नेत्यामुळेच काम झालं असेल तर तेही लिहा. फक्त गावाचं, माणसाचं नाव नको.

कृष्णाकाठ

आमच्या गावात देशी दारूचं परवान्याचं दुकान होतं, शाळेच्या वाटेवर. आम्ही बायका आधी पुढाऱ्यांकडेच गेलो. तीन निवडणुका तेच ऐकलं, "ताई, निवडून आलो की पहिलं काम तुमचं." शेवटी अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं की बायकांच्या मतदानाने दुकान बंद करता येतं. पाव हिस्सा महिला मतदारांच्या सह्या लागतात, उत्पादन शुल्क खात्याची माणसं त्या पडताळतात, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली.

खरी मेख पुढेच आहे. झालेल्या मतदानात जास्त मतं पडून भागत नाही. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी घरी बसली ती दुकानाच्या पारड्यात. पहिल्या खेपेला आम्ही तिथेच हरलो. आलेल्या जवळजवळ सगळ्या आमच्याच होत्या, पण कितीतरी आल्याच नाहीत. सासरी गेलेल्या पोरी यादीत तशाच, मयत बायकाही तशाच.

मग आम्ही मतदार यादी घेऊन बसलो. दुपारची भांडी उरकली की देवळाच्या पायरीवर एक वाचायची, बाकीच्या सांगायच्या, ही आहे, ही गेली. नावं कमी करायचे अर्ज भरले. एका पानावर माझ्या सासूबाई निघाल्या, जाऊन सहा वर्षं झालेल्या. त्यांचा सगळा जन्म त्या दारूपायी जळला, आणि मेल्यावर त्यांचं नाव दुकानाच्या कामी येत होतं. फुली मारताना हात थांबला माझा.

दुसऱ्या खेपेला ऐंशीच्या आत्याबाईंना खुर्चीवर बसवून नेलं. दुकान बंद झालं. दारू चोरून अजून येते, खोटं कशाला सांगू? पण आता पोलीस पाटलाला जाब विचारायला चार जणी आपणहून निघतात.

कोरडवाहू

धागाकर्तीचं दुखणं पटतं, तरी दुसरी बाजू मांडतो आणि मनापासून मांडतो. आमचा भाग दुष्काळी. बाहत्तरच्या दुष्काळात वडील खडी फोडायला जायचे. आमच्याकडे पाणी आणलं ते एका माणसाने, मंत्रालयात ठाण मांडून आणि साहेब लोकांना फैलावर घेऊन. तो सभा घेत बसला असता तर कालवा शेजारच्या तालुक्यात गेला असता. ज्याने टँकरमागे हंडा घेऊन पळापळ केलीय, त्याला असा माणूस देव वाटणारच. पाणी राखून दुष्काळातून वर आलेल्या हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात, पण तिथले पोपटराव पवार पुढे आले नसते तर?

एक मात्र कबूल करतो. आमचा माणूस गेला आणि चारीचं (कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या पाटाचं) दार कुणी, किती वाजता उघडायचं हे ठरवणारं कुणी उरलं नाही. पाणी वापर संस्था कागदावर होती, ती चालवायला आम्ही कधी शिकलोच नाही. आज भावकीत डोकी फुटतात. कालवा आहे, शेवटच्या टोकाला पाणी नाही.

घोडनदी

कोरडवाहू दादा, हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात. शेतीला बोअरचं पाणी घ्यायचं नाही हा नियमही गावाने पाळला. नेता मोठा आहेच, पण हिशेब सगळ्यांसमोर होतो. तुमच्या चारीला तेवढंच कमी पडलं.

आमच्याकडे सरपंच थेट निवडून आलाय. ही पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. माणूस चांगला आहे, कामं करतो. पण सदस्यांनी काही विचारलं की म्हणतो, "मला गावाने निवडलंय." तिथे बोलणंच संपतं.

मोहफूल

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात नोकरीला होतो तेव्हा मेंढा (लेखा) इथल्या ग्रामसभेत पाहुणा म्हणून बसलो. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा ऐकून गेलो होतो, म्हणून मोठी भाषणं होतील असं वाटलं होतं. प्रत्यक्षात बराच वेळ सगळे गप्प. एका म्हातारीला प्रस्ताव पटत नव्हता. कुणी हात वर करून मोजणी केली नाही, कारण तिथे बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. विषय पुढच्या बैठकीवर गेला. मला चुळबुळ होत होती, त्यांना घाई नव्हती.

हेच गाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (जंगलावर गावाचा सामाईक हक्क) मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तोवर ते वनखात्याकडे असायचं. गावाचं नेतृत्व करणाऱ्या देवाजी तोफांचं नाव बाहेर सगळ्यांना माहीत आहे, तरी त्या दिवशी म्हातारीचं 'नाही' सगळ्यांनी मानलं.

दुसरी पाळी

शहरातलं सांगते. राज्यातल्या बऱ्याच मोठ्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होते. आमच्या सोसायटीत कुणी म्हणायचं, "बरं झालं, नगरसेवकांची कटकट गेली." पावसाळ्यात तळघरात पाणी शिरलं तेव्हा कुणाला फोन करायचा हेच कळेना. प्रभागातल्या कामांची यादी मागायला माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला. यादी मिळाली. ती वाचायला सभा बोलावली तर नऊ जण आले. त्या नऊ जणांनीच नाला साफ करून घेतला, रोज एकाने उभं राहून.

सत्त्याहत्तरची शाई

२५ जून १९७५ ला आणीबाणी लागली तेव्हा मी कॉलेजात होतो. गाड्या वेळेवर येतात, कचेरीत बाबू जाग्यावर सापडतात, म्हणून आमच्या घरी समाधान होतं. 'इंदिरा म्हणजेच इंडिया' हे काँग्रेस अध्यक्ष बरुआंचं बोलणं वडिलांना चुकीचं वाटलं नव्हतं. मग शेजारच्या मास्तरांना मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबायच्या कायद्याखाली, पहाटे नेलं. त्यांच्या दारातली दुधाची बाटली दुपारपर्यंत तशीच होती. वडिलांनी ती उचलून काकूंना नेऊन दिली. त्यानंतर गाड्यांचं कौतुक त्यांनी कधी केलं नाही.

बांदापलीकडे

गोव्यात २००६-०७ ला 'प्रादेशिक आराखडा २०११' विरुद्ध, म्हणजे कुठली जमीन कशाला वापरायची हे ठरवणाऱ्या सरकारी आराखड्याविरुद्ध, लोक उठले तेव्हा आमच्या पंचायतीच्या भिंतीवर नकाशे लागले होते. रविवारच्या ग्रामसभेला माणसं बोट टेकवून आपापला सर्व्हे नंबर शोधत होती. आमची कुळागराची (नारळ-सुपारीच्या बागेची) जागा वसाहतीच्या रंगात होती. सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. नकाशा वाचायला मी त्या दिवशी शिकलो.

धागाकर्ती

रात्री फोनवर आईला कृष्णाकाठ ताईंचा अनुभव वाचून दाखवला. सासूबाईंच्या नावापाशी ती गप्प झाली. मग म्हणाली, "पंधरा ऑगस्टच्या सभेआधी बायकांची वेगळी सभा असते ना? ती आमच्याकडे कधी झाल्याचं आठवत नाही." मागच्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मागायची आहे तिला. कुणाकडे अर्जाचा नमुना असेल तर द्या. मी हाताने मोठ्या अक्षरात उतरवून पोस्टाने पाठवते, मोबाइलवरचं तिला दिसत नाही.