‘मोटेड साइट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: मध्ययुगीन इंग्लंडमधल्या खेड्यांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. छोट्या जमीनदारांच्या, भोवती पाण्याचा वेढा असलेल्या घरांना त्यात ‘मोटेड साइट’ म्हटलंय. नुसतं ‘मोट’ लिहिलं तर आपल्या वाचकाला विहिरीवरची मोट आठवणार. ‘खंदक असलेली गढी’ चालेल का?

प्रतिसाद: ‘गढी’ नको. देशमुख-पाटलांची गढी म्हटली की बुरूज आणि जाड भिंती डोळ्यांपुढे येतात. ही घरं सपाटीवरची, बरीचशी लाकडी सांगाड्याची. बहुधा आयताकृती खंदक खणायचा, निघालेली माती मधल्या जागेवर पसरायची आणि त्या किंचित उंच जमिनीवर घर उभं करायचं. इंग्लंडात अशी ५,००० हून अधिक ठिकाणं नोंदली गेली आहेत, त्यांतली बरीचशी साधारण १२५० ते १३५० मधली. पूर्व इंग्लंडातल्या सफक, एसेक्सच्या चिकणमातीत ती दाट आहेत, कारण पाणी तिथे टिकतं. वॉरिकशरच्या आर्डन भागात जंगल तोडून नवी शेतं निघाली, तिथे गावठाणापासून दूर अशी सुटी घरं वसली. खंदकामुळे जागेचा निचरा व्हायचा, मासे मिळायचे, चोरांना आळा बसायचा. पण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती प्रतिष्ठा: मोठ्या सरदाराच्या किल्ल्याला खंदक, मग आपल्या घरालाही हवा. सुस्थितीतल्या स्वतंत्र कुळांनीही तो खणला.

प्रतिसाद: मग ‘खंदक’ तरी कशाला? तो लढाईचा शब्द. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गाभोवती तीन परिखा, म्हणजे खंदक, सांगितले आहेत, नगरच्या भुईकोटाला खंदक आहे. इथे ‘चर’ पुरे.

प्रतिसाद: चर कोरडाही असतो. डोंगरउतारावरचे सलग समतल चर आठवा. ‘चर’ लिहिलंत की पाणीही गेलं आणि मानही गेला. शिवाय आयर्लंडमध्ये, वेक्सफर्डसारख्या भागात, इंग्लंडातून आलेल्या अँग्लो-नॉर्मन लोकांच्या वसाहतीच्या सीमेवरच्या अशा घरांना संरक्षणाची गरज खरोखरच होती. ‘खंदक’च ठेवा.

आणि ‘साइट’कडे दुर्लक्ष करू नका. बॅडेस्ली क्लिंटनसारखं घर अजून उभं असेल तिथे ‘खंदकवेष्टित वाडा’ म्हणा. पण बहुतेक ठिकाणी घर केव्हाच गेलंय, कुरणात फक्त चौकोनी खळगा उरलाय, आणि पुरातत्त्वज्ञ मोजतात तो खळगाच. त्याला ‘खंदकस्थळ’ म्हणावं. वाक्यात असं येईल: ‘चर्च आणि कुळांची घरं एकत्र होती, खंदकस्थळ मात्र शिवारात, नव्याने काढलेल्या जमिनीत होतं.’