माझे कोरी मासे सारखे वर पळतायत, मिशा पण गेल्यात, औषध किती टाकू? लवकर सांगा

टाकीवाला:
टाकीत सहा कोरी (कोरीडोरस, तळाशी राहणारे छोटे कॅटफिश) होते, काल एक गेला. बाकीचे सारखे वर पळतात, तोंड बाहेर काढून हवा घेतात की परत खाली, मिनिटाला एकदा तरी चालूय. दोघांच्या मिशांचे नुसते खुंट राहिलेत आणि एकाच्या पोटाखाली लालसर दिसतंय. पाणी एकदम क्लिअर आहे, टेस्ट केली, सगळं ओके. घरात मेथिलीन ब्ल्यू (माशांचं निळं औषध) आहे, किती थेंब टाकू तेवढं सांगा, रात्रीपर्यंत अजून एक जाईल असं वाटतंय.

काचेपलीकडे:
थांबा, काही टाकू नका. टाकी किती लिटरची, किती महिने झाले, अमोनिया किती, नायट्राइट किती (माशांच्या घाणीतून पाण्यात होणारी विषं)? "सगळं ओके" हा आकडा नाही हो. आणि क्लिअरचं म्हणाल तर अमोनियाला रंग नसतो.

पाणकोंबडा:
उगाच घाबरवू नका त्यांना. कोरी आतड्यातून पण श्वास घेतात, वर येऊन हवा गिळणं हा त्यांचा स्वभावच आहे. माझ्याकडचे वर्षानुवर्षं असंच करतायत.

काचेपलीकडे:
दिवसातून काही वेळा आणि दर मिनिटाला, यात फरक आहे की नाही? त्यात एक मेलाय.

चिमूटभर:
मीठ टाका. माझ्याकडे काहीही झालं की मी आधी मीठ टाकतो, मग विचार करतो.

खोलपाणी:
कॅटफिशला मीठ?? खवले नसतात त्यांना, मरतील!

काचेपलीकडे:
कोरीला खवले नसले तरी अंगावर दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन दोन ओळी असतात, अगदीच उघडा मासा नाही तो. नायट्राइट निघालं तर थोडं मीठ खरंच कामाचं आहे, त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. ८० लिटरला सपाट एक छोटा चमचा एवढंच, रोगावर टाकतात तसं मूठभर नाही. पण आहे का नायट्राइट? धागाकर्ते कुठे गेले?

टाकीवाला:
आलो. ८० लिटरचीच आहे, आठ महिने झाले. टेस्टच्या पट्टीवर पीएच ७.६ आणि नायट्रेट ४० आलं. अमोनियाचा चौकोन माझ्या पट्टीवर नाहीये. तापमान २९. सोबत गप्पी आहेत, ते मजेत. मेथिलीन ब्ल्यूचं कोणीच सांगत नाहीये.

खोलपाणी:
म्हणजे जे बघायचं तेच बघितलं नाही, आणि टेस्ट ओके 😄 (हलके घ्या) २९ पण जास्तच आहे, कोरीला २२ ते २६ बरं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. एअर पंप असेल तर आत्ता लावा, बाकी चर्चा नंतर.

वाळूप्रेमी:
खाली खडी आहे ना? मिशा तिथेच गेल्या. टोकदार खडी काढा, बारीक वाळू टाका, कोरी वाळूत तोंड खुपसून गाळतात आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतात, बघत बसावं असं असतं ते. मी तर

काचेपलीकडे:
वाळू चांगलीच, पण खडी टोचून जेवढ्या मिशा जातात त्याहून जास्त खडीखालच्या घाणीने जातात. एका कोपऱ्यात बोटाने खडी उकरून बघा, काय वर येतं सांगा.

वाळूप्रेमी:
माझं वाक्य अर्धंच पोस्ट झालं. आणि वाळूतही घाण साचतेच, मग काय तळच ठेवायचा नाही?

टाकीवाला:
उकरलं. काळा गाळ ढगासारखा उठला, गोळ्यांचं पांढरं लगदा झालेलं खाणं निघालं, सडक्या अंड्यासारखा वास. पण मी टाकी स्वच्छ ठेवतो हो, रविवारीच फिल्टर पूर्ण धुतला, स्पंज नळाखाली अगदी पिवळा दिसेपर्यंत पिळला आणि जुना कापूस टाकून नवा घातला.

खोलपाणी:
हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!!

काचेपलीकडे:
सापडलं. त्या स्पंजवरचा काळपट चिकटा म्हणजेच तुमचा खरा फिल्टर, अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू त्यात असतात. नळाच्या क्लोरीनने मेले, उरले ते कापसाबरोबर गेले. त्यात खाली सडका गाळ. पीएच ७.६ आणि २९ डिग्रीला अमोनिया जास्त विषारी पण होतो. मिशांचं दुखणं जुनं, आठवडाभरात जे झालं ते हे. आत्ता निम्मं पाणी बदला, तापमान जुळवून, अँटी क्लोरीन घालून. दोन दिवस खाणं बंद. मेथिलीन ब्ल्यू टाकीत नको, उरलेसुरले जिवाणूही जातील. कोणाची जुनी निरोगी टाकी असेल तर तिथला मळका स्पंज मागून आणा.

पाणकोंबडा:
अँटी क्लोरीन कशाला, पाणी रात्रभर बादलीत ठेवा, क्लोरीन उडून जातो.

खोलपाणी:
क्लोरीन उडतो, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, काही ठिकाणी नळाच्या पाण्यात असतं) असेल तर नाही उडत. आणि त्याच्याकडे रात्रभर वेळ आहे का?

चिमूटभर:
नायट्राइटच्या विषबाधेवर मेथिलीन ब्ल्यू चालतं पण, वेगळ्या टबात. सगळंच खोडून काढू नका.

काचेपलीकडे:
वेगळ्या टबात, मान्य. मीठवाल्यांशी आज दुसऱ्यांदा सहमत, तारीख लिहून ठेवतो.

टाकीवाला:
थेंबवालं किट आणलं. अमोनियाची नळी हिरवी, १ च्या आसपास. नायट्राइटची निळी राहायला हवी होती ती जांभळी झाली, २ धरतो. निम्मं पाणी बदललं, मीठ एक छोटा चमचा, पंप चालू. तासाभरात वर पळणं बरंच कमी झालंय पण लाल पोटवाला कोपऱ्यात एका कुशीवर पडलाय. गप्पी कसे काय ठीक?

काचेपलीकडे:
गप्पी जास्त चिवट असतात, शिवाय वरच्या थरात राहतात, गाळ खाली. कुशीवर पडलेल्याला टाकीतलंच ताजं पाणी घेऊन टबात ठेवा, एअर द्या. उद्या परत टेस्ट, परत पाणी. खडी थोडी थोडी उपसा, एकदम नाही. जिवाणू नीट बसायला महिना दीड महिना लागू शकतो, तोवर रोज किट.

टाकीवाला:
कुशीवरचा पहाटे गेला. चार आहेत. अमोनिया ०.५, नायट्राइट १.

रात्रपाळी:
अवांतर आहे पण विचारतो, माझा प्लेको (शेवाळ चाटणारा कॅटफिश) काच चाटत नाही, नुसता लाकडाला चिकटून असतो, त्याला पण मीठ टाकू का?