सोर्सपासून बिल्ड करताना कुठे अडतं, कशाने सुटतं? (अनुभव धागा)

तयार पॅकेज मिळत नाही, मिळालं तर जुनं असतं, किंवा हवी ती सोय त्यात बंद ठेवलेली असते. मग सोर्स (प्रोग्रामचा मूळ कोड) उतरवून कंपाइल करण्यावाचून, म्हणजे त्यापासून स्वतः प्रोग्राम बनवण्यावाचून, गत्यंतर नसतं. त्याचे अनुभव इथे लिहा, पण नेमके लिहा: कुठली पायरी, कुठला फ्लॅग (आज्ञेला जोडलेला पर्याय), काय एरर आली आणि का.

सुरुवात करतो. एरर दिसली की ती कुठल्या टप्प्यावरची आहे ते आधी ओळखा. हेडर फाईलच्या (लायब्ररीतल्या फंक्शनच्या घोषणा असलेली फाईल) नावापुढे 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी' असेल तर कंपायलरला हेडर मिळालेली नाही. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणजे कंपाइल झालं, लिंकर (कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडणारा) अडला. 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' आली तर बिल्डमध्ये काही बिघडलेलं नाही, चालवताना लायब्ररी सापडत नाहीये. तिन्हींची औषधं वेगळी. आणि 'मेक -जे८' ने (बिल्डची आठ कामं एकदम चालवून) बिल्ड पडला तर शेवटच्या ओळीवर विश्वास ठेवू नका. बाकीची सात कामं चालूच असतात, खरी एरर वर कुठेतरी वाहून जाते. पुन्हा नुसतं 'मेक' द्या, नेमक्या जागी थांबेल.

रानवारा

हेडरबद्दल थोडं. 'लायब्ररी तर आहे, तरी कॉन्फिगर नाही म्हणतंय' ही तक्रार सगळ्यात जास्त (कॉन्फिगर म्हणजे बिल्डआधी यंत्रावर काय काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट). चालवायला लागणारी लायब्ररी आणि कंपाइल करायला लागणारे हेडर ही बहुतेक वितरणांत दोन वेगळी पॅकेजेस असतात. डेबियन, उबुंटूवर नावाच्या शेवटी '-डेव्ह', फेडोरावर '-डेव्हेल'.

तेही असेल तर 'कॉन्फिग.लॉग' उघडा. शेवटापासून वाचू नका, तिथे नुसती व्हेरिएबल्सची यादी असते. स्क्रीनवर जी 'चेकिंग फॉर' ओळ 'नो' म्हणाली तीच लॉगमध्ये शोधा. तिच्या खाली कॉन्फिगरने चालवलेली कंपायलरची पूर्ण आज्ञा, तिची एरर आणि तपासणीसाठी लिहिलेला छोटा सी प्रोग्राम असतो. बऱ्याचदा तिथे कळतं की मागितलेली लायब्ररी सापडली होती, तिला लागणारी दुसरीच सापडली नाही.

स्वतः बिल्ड केलेली लायब्ररी असेल तर 'पीकेजी_कॉन्फिग_पाथ' मध्ये तिच्या प्रीफिक्सखालची (ती जिथे इन्स्टॉल केली त्या फोल्डरखालची) 'लिब/पीकेजीकॉन्फिग' द्या, म्हणजे लायब्ररी शोधून देणारं 'पीकेजी-कॉन्फिग' तिथे पाहतं. काही प्रोजेक्ट 'लिब६४' मध्ये टाकतात, तीही पाहा. 'पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन' ने नवी आवृत्ती उचलली जातेय का ते कॉन्फिगरच्या आधी तपासा.

आडवाट

माझा आग्रह प्रीफिक्सचा. '/यूएसआर' वर कधीच इन्स्टॉल करू नका, ती पॅकेज मॅनेजरची जागा. प्रत्येक गोष्टीला '/ऑप्ट' खाली स्वतंत्र फोल्डर द्या, काढायची झाली की फोल्डर उडवलं, संपलं. 'मेक अनइन्स्टॉल' सगळ्या प्रोजेक्टमध्ये असतंच असं नाही.

वेगळ्या प्रीफिक्समुळे चालवताना लायब्ररी सापडत नाही. 'एलडीडी' (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी आज्ञा) चालवा, जिथे 'नॉट फाउंड' येईल ती गायब. '/यूएसआर/लोकल/लिब' मध्ये टाकलं असेल तर बहुतेक वेळा 'एलडीकॉन्फिग' (लायब्ररींची नोंद ताजी करणारी आज्ञा) चालवायचं राहिलेलं असतं. '/ऑप्ट' असेल तर लिंक करतानाच आरपाथ (लायब्ररी कुठे शोधायची ते प्रोग्राममध्येच लिहून ठेवणं) द्या: एलडीफ्लॅग्ज मध्ये '-डब्ल्यूएल,-आरपाथ,' आणि पुढे लायब्ररीचा पूर्ण मार्ग. 'एलडी_लायब्ररी_पाथ' (लायब्ररी शोधायच्या जागा सांगणारं व्हेरिएबल) तात्पुरत्या चाचणीपुरतं ठीक. ते शेलच्या सुरुवातीच्या फाईलीत टाकून ठेवलं तर तिथून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्राम तुमची लायब्ररी उचलतो आणि भलतंच काहीतरी मोडतं.

उंबरठा

'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस' दिसलं की कोडमध्ये चूक शोधू नका, मेमरी संपलीय. 'डीमेसेज' (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) मध्ये कर्नलने प्रोसेस मारल्याची नोंद सापडेल. जड सी++ साठी एका कामाला साधारण २ जीबी धरा. १६ कोअर आणि ८ जीबी असेल तर '-जे१६' नाही, '-जे४'. एलएलव्हीएमला (कंपायलरचा मोठा सी++ प्रोजेक्ट) लिंकिंग त्याहून भारी पडतं. निन्जा (मेकसारखंच बिल्डचं साधन) वापरत असाल तर 'एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्ज' १ ठेवा आणि डीबग बिल्ड खरंच हवा आहे का, विचार करा.

निळी शाई

जुना कोड, नवा कंपायलर यावर कुणी लिहिलं नाही. जीसीसी कंपायलरच्या आवृत्ती १० पासून '-एफनो-कॉमन' हे डीफॉल्ट झालं. हेडरमध्ये 'एक्स्टर्न' न लिहिता ग्लोबल व्हेरिएबल ठेवलेले जुने सी प्रोजेक्ट तेव्हापासून 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून लिंकिंगला पडतात. '-एफकॉमन' दिलं की चालतात.

जीसीसी १४ ने घोषणा नसलेलं फंक्शन वापरणं वॉर्निंगऐवजी एरर केलं. ही एरर फ्लॅगने दाबू नका, कारण ती खरी आहे. घोषणा नसेल तर कंपायलर फंक्शन 'इंट' परत करतं असं धरतो. प्रत्यक्षात ते पॉइंटर परत करत असेल तर ६४ बिट पत्त्याचे वरचे ३२ बिट कापले जातात. बिल्ड होतं, प्रोग्राम चालवताना कोसळतो. योग्य हेडर जोडा, एका ओळीचं काम आहे.

यातला छुपा सापळा जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टचा. तिच्या तपासणी प्रोग्राममध्येच हेडर नसतं, तो पडतो आणि स्क्रिप्ट समजते की फंक्शनच उपलब्ध नाही. एरर कुठेच नाही, फक्त सोय गुपचूप बंद. 'ऑटोरीकॉन्फ -एफआय' ने नवी स्क्रिप्ट तयार करा. तपासणी प्रोजेक्टनेच हाताने लिहिलेली असेल तर ती मूळ फाईलीत दुरुस्त करावी लागते.

रानवारा

@निळी शाई, सीमेकमध्येही (बिल्डची तयारी करून देणारं साधन) तसंच. सीमेक ४ ने ३.५ च्या आधीची सुसंगतता काढून टाकली, त्यामुळे जुने प्रोजेक्ट पहिल्याच पायरीवर पडतात. '-डीसीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम=३.५' देऊन पाहा. आणि कंपायलर बदलला असेल तर बिल्ड फोल्डर अख्खं पुसा, जुन्या शोधांची उत्तरं 'सीमेककॅश.टीएक्सटी' धरून बसते.

चकवा

पायथन बिल्ड करणाऱ्यांसाठी. ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) सापडलं नाही तरी बिल्ड यशस्वी होतो, नुसता 'एसएसएल' मॉड्यूल गाळला जातो आणि पुढे 'पिप' (पायथनची पॅकेजेस उतरवणारं साधन) काहीच उतरवू शकत नाही. 'मेक' च्या शेवटी न बनलेल्या मॉड्यूलची यादी येते, ती वाचल्याशिवाय इन्स्टॉल करू नका. ओपनएसएसएल ३ स्वतः बिल्ड करत असाल तर '--लिबडिर=लिब' द्या. ६४ बिट लिनक्सवर ते 'लिब६४' मध्ये जातं आणि पायथनचं कॉन्फिगर 'लिब' मध्ये शोधतं. शेवटी 'मेक इन्स्टॉल' नको, 'मेक ऑल्टइन्स्टॉल'. 'पायथन३' या नावाला मग हात लागत नाही.