ग्राफिक्स कार्डाचे पैसे पॉवर सप्लायमध्ये घाला

आईच्या बँकिंग आणि व्हिडिओ कॉलसाठी कॉम्प्युटर जुळवताना वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं का, असं विचारलंय. अजिबात नको. अंगचं, म्हणजे आतच बसवलेलं, ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या. इंटेलच्या ज्या मॉडेल नंबरच्या शेवटी 'एफ' असतो त्यात ते नसतं, तेवढं बघा. हे ग्राफिक्स रॅममधलीच जागा वापरतं, म्हणून १६ जीबी, तीही ८-८ च्या दोन पट्ट्यांत. हार्ड डिस्क नको, एसएसडीच. काटकसर कॅबिनेटमध्ये करा, पॉवर सप्लायमध्ये नको! कॅबिनेटसोबत आलेला सप्लाय मी एकदा वापरला, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. जुना प्रोसेसर घेणार असाल तर त्यावर विंडोज ११ चालतं का ते आधी तपासा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला.