नेटवर्क प्रोटोकॉल शिकायला सुरुवात कुठून करू?

नवखी_नाशिककर:
मंडळी, मदत हवी आहे. चार वर्षं मॅन्युअल टेस्टिंग करतेय. आता टीम बदलली आणि इथे उठता-बसता टीसीपी, डीएनएस, टाइमआउट. ओएसआयचे सात लेयर (नेटवर्कच्या कामाचे थर) कॉलेजात पाठ केले होते, आजही ओळीने म्हणून दाखवीन. पण ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर मारल्यावर नेमकं काय होतं असं कुणी विचारलं की माझं त त प प होतं. जाडजूड पुस्तक झेपणार नाही, रविवारचे दोन तास मिळतात. काय वाचू?

घाटावरचा:
वाचू नका, आधी बघा. घरच्या लॅपटॉपवर वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका. फुकट आहे; विंडोजवर सोबत एनपीकॅप (पॅकेटं पकडणारा ड्रायव्हर) टाकू का विचारेल, हो म्हणा. कॅप्चर सुरू करून फिल्टरच्या पट्टीत डीएनएस लिहा (इंग्रजी छोट्या अक्षरांत). मग कमांड प्रॉम्प्टवर एनएसलुकअप आणि पुढे कुठल्याही साइटचं नाव. दोन-चार ओळी उमटतील: या नावाचा आयपी पत्ता काय, हा प्रश्न गेला, उत्तर आलं. हेच डीएनएसचं काम. एका ओळीवर क्लिक केलंत की खाली इथरनेट, आयपी, यूडीपी, डीएनएस एकाखाली एक उलगडतात. तुमचे पाठ केलेले लेयर ते हेच, फक्त सातांचे चार झालेत.
हा प्रयोग ब्राउझरवरून नको. हल्ली तो बरेचदा डीएनएसचे प्रश्न एचटीटीपीएसमधून पाठवतो, मग फिल्टर रिकामा आणि आपण डोकं खाजवत बसतो.
वाचायचंच असेल तर आरएफसी ७६८ वाचा (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलचे मूळ दस्तऐवज). यूडीपीचा (पोचपावतीशिवाय पाठवणारा प्रोटोकॉल) मूळ कागद, १९८० सालचा, तीन पानी. हेडर अवघं ८ बाइटचं, चहा गार व्हायच्या आत संपतो.
ऑफिसच्या नेटवर्कवर मात्र परवानगीशिवाय कॅप्चर करू नका.

चष्मेबहाद्दर:
यूडीपी ठीक, पण तुमचे टाइमआउट बहुतेक टीसीपीचे (जोडणी करून, पोचपावती घेत पाठवणारा प्रोटोकॉल) असणार. कर्लने (कमांडवरून वेबपान मागवणारं साधन) एक्झाम्पल डॉट कॉम मागवा, साध्या एचटीटीपीवर. एचटीटीपीएसवर मजकूर कूटबद्ध असतो, काही वाचता येणार नाही. आधी जोडणी जुळवणारी सिन, सिन-अॅक, अॅक (अॅक म्हणजे पोचपावती) अशी तीन पॅकेटं, मगच खरी मागणी.
आणि "टीसीपी म्हणजे रजिस्टर पोस्ट, यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड" हे डोक्यातून काढून टाका. टीसीपी पाकिटं मोजतच नाही, बाइट मोजतो. पोचपावतीतला आकडा म्हणजे "इथपर्यंतचं मिळालं, आता अमुक क्रमांकाच्या बाइटपासून पाठव". हे एकदा कळलं की पुन्हा पाठवणं, विंडो (पावतीआधी किती बाइट पाठवायचे ती मर्यादा), सगळं आपोआप सुटतं.
टीसीपीची सध्याची आरएफसी ९२९३, २०२२ ची. पहिल्याच रविवारी उघडाल तर परत फिरकणार नाही.

मावशी_ऑनलाइन:
मी शिकले ती वायफाय बंद पडलं म्हणून. आधी राउटरला पिंग, म्हणजे "आहेस का?" अशी हाक (आमच्याकडे १९२.१६८.१.१), मग ८.८.८.८ ला (गूगलचा डीएनएस सर्व्हर), मग एखाद्या साइटच्या नावाला. पहिली दोन चालली आणि तिसरं "होस्ट सापडला नाही" म्हणालं, तर दुखणं डीएनएसचं. केबलवाला दोनदा राउटर बदलून गेला होता, गं!

नवखी_नाशिककर:
रविवार सत्कारणी लागला, सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचं पिंगचं आईलाही शिकवलं. पण एका जागी अडले. पहिल्या सिनमध्ये सिक्वेन्स (बाइटचा क्रमांक) ०, लांबीही ०. मग समोरून पोचपावती १ कशी? बाइट तर एकही गेला नाही ना?

चष्मेबहाद्दर:
बरोबर पकडलंत. सिनसाठी एक आकडा खर्ची पडतो, फिनसाठीही (जोडणी संपवणारं पॅकेट). नाहीतर सिन पोचला की नाही हे पावतीवरून कळणार कसं? आणि ते ० खरं नव्हेच, वायरशार्क आपल्या सोयीसाठी शून्यापासून दाखवतो. प्रेफरन्सेसमध्ये टीसीपीखाली रिलेटिव्ह सिक्वेन्स नंबरसमोरची खूण काढा.

नवखी_नाशिककर:
काढली. बापरे, दहा आकडी निघाला, मोबाइल नंबरसारखा!