तू कोणाचो रे? मुलं स्वतःची ओळख कशी करून देतात (अनुभव धागा)

मे महिन्यात पुण्याची भाची आठ दिवस रत्नागिरीला आमच्याकडे होती. वय नऊ. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा गडग्यावरून डोकावला, तशी ही घडाघडा बोलायला लागली. नाव, इयत्ता, "मी थोडी हट्टी आहे पण हेल्पफुल आहे", छंद कीबोर्ड, स्केटिंग, वाचन. कुठल्याशा शिबिरात घोटून घेतलेलं असणार, मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्या रायवळाला पाड लागलाय. येतेस?" झाली त्याची ओळख.

संध्याकाळी तिला विचारलं, त्याचं नाव काय गं? "ते विचारायचं राहिलं. पण त्याला झाडावर चढता येतं, आणि लाल मुंग्या चावल्या तरी तो रडत नाही."

तर धागा यासाठी. आपल्या किनारपट्टीवरची मुलं स्वतःबद्दल काय सांगतात? दिसणं, स्वभाव, आवडीनिवडी, जे आठवेल ते लिहा. लांबलं तरी चालेल. मुलांची आणि शाळांची नावं मात्र नकोत.

*

शिक्षिका, गुहागर तालुका

द्विशिक्षकी शाळा, पट अकरा. 'माझी ओळख' हा विषय आला की माझी पंचाईत होते. ओळख करून द्यायची कोणाला? अकरापैकी सात एकाच वाडीतले, त्यात चार चुलतभावंडं. पहिल्या वर्षी एकाला उभं केलं, तो बोलेचना. अरे, निदान नाव तरी सांग! "सगळ्यांना म्हायती हाय, बाई." खरंच होतं.

मग उलटं केलं. प्रत्येकाने शेजारी बसलेल्याची ओळख सांगायची, नाव न घेता, आणि बाकीच्यांनी ओळखायचं. गोरा-काळा, जाडा-बारीक काही चालणार नाही असं आधीच बजावलं, नाहीतर चिडवाचिडवी ठरलेली. मग जे बाहेर आलं ते मी वहीत उतरवून ठेवलंय. "त्याच्या ढोपरावर तीन खुणा हायेत. दोन सायकलच्या, एक काजूच्या चिकाने भाजल्याची." "ती हसताना तोंडावर हात ठेवते. दात पडलाय म्हणून नाय, आधीपासून." "तो पावसात छत्री मिटून घेऊन येतो."

हे शेवटचं ऐकल्यावर सगळ्या वर्गाने एका सुरात नाव घेतलं आणि ज्याचं नाव घेतलं तो बाकाखाली गेला. मी ही गंमत पालकसभेत सांगितली. त्याच्या आईला छत्रीचं माहीतच नव्हतं. तो अजून माझ्याशी जरा तुटकच असतो.

*

मालवणजवळून, एक बाप

माझ्या झिलाची गोष्ट. तेव्हा चौथीत होता. वहीत 'माझे छंद' खाली त्याने लिहिलं, 'रापण ओढणे'. लाल पेनाने शेरा आला, 'हे काम आहे. छंद लिही.' त्याने ते खोडून 'पोस्टाची तिकिटे गोळा करणे' लिहिलं. आमच्या घरात किती वर्षांत पोस्टाचं तिकीट आलेलं नाही.

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडी जाळं सोडत सोडत अर्धा गोल घालून परत येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. वीस-पंचवीस जण, कधी जास्त. पोरं शेवटाला, जिथे ओढून आलेल्या दोराची वेटोळी घालायची असतात. आमचा तिथे. जाळं जवळ आलं की पाण्याकडे बघून सांगतो, "बाबा, तारली आसा." दर वेळी तारली निघते असं नाही, पण सांगायचं सोडत नाही. त्याच्या वाट्याची ओंजळभर मासळी तो दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. स्वतः आणतो, आवशीच्या हातात ठेवतो, आणि पुढे दोन दिवस घरात त्याच तोऱ्यात फिरतो.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा त्याच्यासारखा चिडका पोरगा गावात नाही. स्वभाव लिहायचा झाला तर महिन्याप्रमाणे लिहावा लागेल.

त्या शेऱ्याबद्दल मी शाळेत जाऊन काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

*

रत्नागिरी, खाडीकाठ

आमच्या घरात कोकणी, शाळेत मराठी, मदरशात उर्दू. पाहुण्यांनी काही विचारलं की माझी मुलगी आधी त्यांच्या तोंडाकडे बघते, मग भाषा निवडते. मराठीत ती शहाणी आहे, कोकणीत वात्रट. उर्दूत फक्त नाव सांगते आणि पळते.

*

डोंबिवलीकर, गाव कुडाळ तालुक्यात

धाग्याचं नाव वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे अगदी हेच घडलं. गणपतीला गावी गेलो होतो. मुलगा सहा वर्षांचा, कळत्या वयात पहिल्यांदाच. पाणंदीत एक आजोबा भेटले. "कोणाचो रे तू?"

मुलगा ताठ उभा राहून म्हणाला, "बी विंग, तिसरा मजला."

आजोबांनी जरा विचार केला. "बी विंग? ती खंयची वाडी?"

मी मागून पोचेपर्यंत दोघांचं बोलणं फार पुढे गेलं होतं. लिफ्ट बंद पडली की काय करतात ते तो हातवारे करून समजावत होता. आमच्याकडे नाव शेवटी विचारतात, किंवा विचारतच नाहीत. आधी घर कोणाचं, मग वाडी, मग आजोळ. आमचं आडनावसुद्धा गावाच्या नावाला 'कर' लावूनच झालेलं, त्यामुळे आडनाव सांगून गावात काय उपयोग, अर्धा गाव तोच! हल्ली आम्ही गेलो की हाक येते, "बी विंग इलो रे!" तोही ओ देतो.

*

वेंगुर्ले

वरच्या चाकरमान्यांना आणि एकूणच सगळ्या चाकरमान्यांना विनंती, राग मानू नका. पोरं दिसली की "ओळखलंस काय गो माका?" आणि "किती काळवंडलंस!" ही दोन वाक्यं कृपा करून बंद करा. चार वर्षांपूर्वी पाळण्यात असलेल्या पोरीने तुम्हाला कसं ओळखायचं?

माझी मुलगी सावळी, केस कुरळे आणि एवढे दाट की विंचरताना फणीचे दात मोडतात. 'मी' या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. आरशासमोर वही घेऊन बसली. पहिली ओळ, 'माझे केस माझ्यासारखेच ऐकत नाहीत.' दहाही ओळींत रंगाचा उल्लेख नाही. सहज विचारलं, तर म्हणाली, "तो सगळ्यांका दिसता. दिसता ता कित्याक लिवायचा?"

गेल्या चतुर्थीला मुंबईच्या आत्येने दारातच विचारलं, ओळखलंस काय? ही शांतपणे, "नाय. तुम्ही सांगा, तुमचे छंद काय?" आत्येला काही सुचेना. तेवढ्यात झांजा वाजल्या, आरती सुरू झाली, म्हणून निभावलं.

*

धागाकर्ती

आत्येचा छंद कळला की नक्की लिहा!

*

मूळचा साताऱ्याचा, भटकंतीत

मी कोकणातला नाही, तरी लिहितो. मार्चमध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवं बघायला गेलो होतो. ज्यांच्या घरी उतरलो त्यांचा मुलगा दहा-अकराचा. रात्री जेवताना आमच्या बायकोने नाव विचारलं, शाळा विचारली, काही केल्या बोलेना. सोलकढीची वाटी पुढे सरकवायची आणि आत जायचं, एवढंच.

सकाळी किनाऱ्यावर तोच मुलगा आम्हाला दोरीच्या मागे रांगेत उभं करत होता. "पुढे येऊ नका. पायाखाली पिल्लू येईल. ही ऑलिव्ह रिडले. मादी शंभरेक अंडी घालते, पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. फ्लॅश मारायचा नाही हां काका!" मग जरा वेळाने, कोणीही विचारलं नसताना, "आमचं गाव नाना फडणवीसांचं पण आहे." पिल्लं लाटेत शिरेपर्यंत त्याचं तोंड बंद नव्हतं. घरी आल्यावर पुन्हा सोलकढी. त्याचं नाव आम्हाला निघताना त्याच्या आजीकडून कळलं.

*

दापोलीकडून, काकू

आमचा धाकटा पुतण्या असाच. चारचौघांत नाव विचारलं की भिंतीला पाठ लावून उभा राहायचा आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायचा. डॉक्टरला दाखवा इथपर्यंत लोकांचं बोलून झालं. मला विचाराल तर पोर लाजरं होतं, बाकी काही नाही.

शिमग्यात वाडीतल्या पोरांनी छोटा संकासूर काढला. काळा झगा, तोंडावर मुखवटा, कमरेला घुंगरू. घुंगरू ऐकू आले की बारकी पोरं घरात पळतात. हा संकासूर आमच्या खळ्यात आला, तुळशीभोवती नाचला, माझ्या सासूबाईंच्या अंगावर धावून गेला, पैसे मिळेपर्यंत हलला नाही. सासूबाईंनी दरडावून विचारलं, "कोण रे तू? नाव सांग आधी!"

"संकासूर!" एवढ्या जोरात ओरडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

त्या झग्याला खाली उसवलेली शिवण होती आणि त्यातून अंगठा दिसत होता, जमीन उकरणारा. सासूबाईंनी तो पाहिला, मीही पाहिला. रात्री जेवताना त्यांनी त्याच्या पानात जास्तीची पुरणपोळी वाढली आणि विचारलं, "काय रे, मघाशी आला होता तो संकासूर कोणाचा होता?"

तो मान खाली घालून म्हणाला, "मला काय माहीत. वरच्या वाडीतला असेल."